अप्रकट प्रकर्ता

दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करणाऱ्या व्यक्तीने ती गोष्ट उघड न करता स्वतःच्या नावे संविदा केली असता तिच्यामागे असलेल्या खऱ्या हितसंबंधी व्यक्तीस ‘अप्रकट प्रकर्ता’ असे म्हणतात. दुसऱ्यासाठी काम करणारा तो अभिकर्ता आणि ज्याच्यासाठी ते काम केले जाते तो प्रकर्ता होय. सामान्यतः अभिकर्ता हा केवळ दुवा असतो. त्याने केलेल्या संविदेने प्रकर्ता व त्रयस्थ पक्ष हे परस्परांशी बांधले जातात व अभिकर्ता मधून बाजूला होतो. मात्र त्रयस्थास प्रकर्त्याचे अस्तित्वच ठाऊक नसेल, तर त्याने विश्वास ठेवलेला असतो तो समोरच्या माणसावर. अशा वेळी मालाची किंमत थकल्यास ती कोणाकडे मागावयाची, प्रकर्त्याने मागाहून पुढे येऊन संविदेच्या पूर्तीची मागणी केल्यास ती मान्य करावयाची किंवा कसे आणि अभिकर्ता जबाबदारीतून सुटतो की नाही, हे प्रश्न उद्‌भवतात. भारतात त्यांची उत्तरे मुख्यतः भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याच्या दहाव्या प्रकरणात, विशेषतः कलमे २३० ते २३४ मध्ये, दिलेली आहेत. [⟶ संविदा कायदा].

प्रकर्त्याचे प्रकार : प्रकर्ता कितपत उघड झालेला आहे, यावरून तीन अवस्था संभवतात. पहिलीत अभिकर्ता प्रकर्त्याचे नाव सांगून व्यवहार करतो. हा नामोक्त प्रकर्ता होय. दुसरीत आपण दुसऱ्यासाठी व्यवहार करीत आहोत एवढे अभिकर्ता सांगतो किंवा परिस्थितीवरून ते कळते, परंतु नाव सांगितले जात नाही. हा अनामिक प्रकर्ता होय. तिसऱ्या अवस्थेत त्रयस्थास प्रकर्त्याची माहिती नसते आणि तशी शंका येण्यास कारणही नसते. खऱ्या अर्थाने अप्रकट प्रकर्ता तो हाच. दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थांतील भेद वरवर बारीक वाटला, तरी वजावटीच्या हक्काबाबत तो निर्णायक ठरतो.

बाजारपेठेतील स्वरूप : हा विषय न्यायालयीन ग्रंथांपुरता मर्यादित नाही. शेतमालाच्या प्रत्येक बाजारात तो दररोज उपस्थित होत असतो. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी निर्माण झालेला हिंगोली जिल्हा याचे चांगले उदाहरण होय. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव या पाच तालुक्यांच्या या जिल्ह्यात हळद हे प्रमुख नगदी पीक असून हिंगोली व वसमत येथील बाजार समित्यांत तिची मोठी खरेदी-विक्री होते. शिजवून, वाळवून व घासून तयार केलेली हळद शेतकरी मोंढ्यात अडत्याकडे आणतो, तेथे लिलाव होतो व खरेदीदार बोली लावून माल घेतो. शेतकऱ्याच्या बाजूस अडत्या हा अभिकर्ता असतो. पण समोरचा खरेदीदारही नेहमी स्वतःसाठीच खरेदी करतो असे नाही. दूरच्या पेठेतील पेढीची किंवा मसाल्याच्या कारखान्याची मागणी त्याच्याकडे आलेली असू शकते. हळकुंडाच्या ढिगाभोवती उभ्या असलेल्या विक्रेत्यास त्या पेढीचे नाव ठाऊक नसते व ते विचारण्याची रीतही नसते.

विवेचनासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. सेनगाव तालुक्यातील एका शेतकऱ्याची दोन लाख रुपयांची हळद हिंगोलीच्या एका खरेदीदाराने स्वतःच्या नावे घेतली. माल सांगलीतील एका पेढीकडे रवाना झाला. किंमत चुकती होण्यापूर्वीच खरेदीदार नादार झाला. त्याने ती खरेदी सांगलीच्या पेढीच्या सांगण्यावरून व तिच्याकडून दलाली घेऊन केली होती, हे शेतकऱ्यास नंतर समजले. ज्या पेढीशी आपण कधी बोललोही नाही, तिच्याकडून शेतकऱ्यास किंमत मागता येईल काय, हा येथील प्रश्न होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : संविदेची बंधने संविदा करणाऱ्या पक्षांपुरतीच असतात, हे संविदा विधीचे मूलतत्त्व आहे. अप्रकट प्रकर्त्याचा सिद्धांत हा त्यास अपवाद असून तो इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात परमाल विकणाऱ्या अडत्यांच्या व्यवहारांतून उत्क्रांत झाला. स्क्रिमशायर वि. ऑल्डर्टन (१७४३) या आरंभीच्या खटल्यातील वादी शेतकरीच होता. त्याने ओट हे धान्य अडत्याकडे विक्रीस पाठविले व अडत्या बुडाल्याचे कळताच खरेदीदारास किंमत परस्पर आपल्याला देण्याविषयी कळविले. न्यायाधीशाचा कल शेतकऱ्याच्या बाजूने होता. मात्र व्यापाऱ्यांच्या ज्यूरीने पेठेतील रूढीस अनुसरून खरेदीदाराच्या बाजूने निर्णय दिला. पुढे न्यायालयांनी प्रकर्त्यास त्रयस्थावर आणि त्रयस्थास प्रकर्त्यावर दावा लावण्याचा हक्क स्थिरपणे मान्य केला. यूरोप खंडातील देशांनी वेगळा मार्ग स्वीकारला. फ्रेंच व जर्मन वाणिज्य विधींनुसार स्वतःच्या नावे परंतु दुसऱ्याच्या हिशेबी व्यवहार करणारा अडत्या स्वतःच बांधला जातो आणि सामान्यतः प्रकर्ता व त्रयस्थ यांच्यात प्रत्यक्ष संविदात्मक संबंध निर्माण होत नाही.

भारतीय अधिनियमाने इंग्रजी तत्त्वे स्वीकारली, परंतु काही ठिकाणी स्वतंत्र वळण घेतले. हिंगोली हा प्रदेश त्या वेळी हैदराबाद संस्थानात असल्यामुळे १८७२ चा अधिनियम तेथे लागू नव्हता. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर ‘ब’ वर्ग राज्यांसंबंधीच्या १९५१ च्या अधिनियमाने तो तेथे लागू झाला. १९५६ मध्ये हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

अभिकर्त्याचे दायित्व : कलम २३० नुसार, विरुद्ध करार नसल्यास, अभिकर्ता प्रकर्त्याच्या वतीने केलेल्या संविदेची बजावणी स्वतः मागू शकत नाही व तिने तो व्यक्तिशः बांधलाही जात नाही. मात्र तीन प्रसंगी विरुद्ध करार आहे असे गृहीत धरले जाते : परदेशी राहणाऱ्या व्यापाऱ्यासाठी मालाची खरेदी वा विक्री केली असेल तर, अभिकर्त्याने प्रकर्त्याचे नाव उघड केले नसेल तर, आणि नाव उघड केले असूनही प्रकर्त्यावर दावा लावणे शक्य नसेल तर. यांपैकी दुसरा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा असून त्यात अनामिक व अप्रकट असे दोन्ही प्रकर्ते येतात. हे गृहीतक खंडनीय आहे, म्हणजे पुराव्याने ते खोडून काढता येते. तथापि लेखी संविदेत अभिकर्त्याने आपण स्वतःच पक्ष आहोत असे दर्शविले असल्यास ‘मी केवळ अभिकर्ता होतो’ असा तोंडी पुरावा देऊन त्यास जबाबदारी झटकता येत नाही. उलट त्याच्यामागे प्रकर्ता होता असे दाखवून प्रकर्त्यासही जबाबदार धरण्यासाठी असा पुरावा देता येतो. हिगिन्झ वि. सीनियर (१८४१) या इंग्रजी निर्णयापासून हे तत्त्व प्रस्थापित झाले आहे. वरील उदाहरणातील खरेदीदार त्यामुळे शेतकऱ्यास व्यक्तिशः जबाबदार राहतो. अभिकर्त्यास किंमत पदरची भरावी लागली, तर कलम २२२ अन्वये ती तो आपल्या प्रकर्त्याकडून भरून मागू शकतो.

प्रकर्त्याचे हक्क व त्यांवरील मर्यादा : कलम २३१ नुसार अप्रकट प्रकर्ता पुढे येऊन संविदेच्या पूर्तीची मागणी करू शकतो. मात्र अभिकर्ता हाच प्रकर्ता असता तर त्याच्याविरुद्ध त्रयस्थास जे हक्क मिळाले असते, ते सर्व त्यास या प्रकर्त्याविरुद्ध मिळतात. शिवाय संविदा पूर्ण होण्यापूर्वी प्रकर्ता प्रकट झाला आणि तो कोण आहे हे, किंवा समोरचा इसम केवळ अभिकर्ता आहे हे, ठाऊक असते तर आपण संविदा केलीच नसती, असे त्रयस्थाने दाखवून दिले, तर तो पूर्तता नाकारू शकतो. ज्या संविदेत व्यक्तीचे कौशल्य, पत किंवा चारित्र्य हाच आधार असतो, तीत अप्रकट प्रकर्त्यास शिरकाव मिळत नाही. हंबल वि. हंटर (१८४८) या खटल्यात अभिकर्त्याने करारात स्वतःस जहाजाचा ‘मालक’ म्हणविले होते. त्यामुळे खऱ्या मालकास त्या कराराच्या आधारे दावा लावता आला नाही.

कलम २३२ मध्ये वजावटीचे तत्त्व आहे. अधिनियमातील दृष्टांत तांदळाचा आहे. अभिकर्ता एका व्यापाऱ्याचे ५०० रुपये देणे लागतो व त्याच व्यापाऱ्यास १,००० रुपयांचा तांदूळ विकतो. तांदूळ वस्तुतः तिसऱ्याचा आहे, हे व्यापाऱ्यास ठाऊक नाही व तशी शंका येण्यास वाजवी कारणही नाही. अशा वेळी ५०० रुपयांची वजावट दिल्याशिवाय खऱ्या मालकास तो तांदूळ व्यापाऱ्याच्या गळ्यात घालता येणार नाही. मालकाने अभिकर्त्यास मालधन्याच्या रूपात उभे केले, तेव्हा त्या रूपावर विसंबणाऱ्याचे नुकसान होता कामा नये, हे यामागील न्यायतत्त्व होय.

या नियमाचा दुसरा भाग शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. त्रयस्थास अभिकरणाची माहिती असेल किंवा शंका येण्यास कारण असेल, तर अशी वजावट मिळत नाही. कुक वि. एशेल्बी (१८८७) या खटल्यात कापसाचे दलाल कधी स्वतःचा, तर कधी दुसऱ्याचा माल विकीत, हे खरेदीदारास ठाऊक होते. दलालाकडील आपले येणे मालाच्या किमतीतून कापून घेण्यास इंग्लंडच्या उमराव सभेने त्यांना प्रतिबंध केला. बाजार समितीच्या आवारात अडत्या म्हणून अनुज्ञप्ती घेऊन बसलेला इसम दुसऱ्याचा माल विकतो, ही गोष्ट त्याच्या व्यवसायाच्या नावातच उघड असते. म्हणून ‘अडत्या माझे देणे लागतो’ या सबबीवर खरेदीदाराने शेतकऱ्याच्या हळदीची किंमत अडवून ठेवल्यास ती सबब टिकणे कठीण असते. ढीग नेमका कोणाचा, हे खरेदीदारास ठाऊक नसले, तरी येथे शेतकरी हा अनामिक प्रकर्ता असतो, अप्रकट नव्हे.

त्रयस्थ पक्षाचे हक्क : अभिकर्ता व्यक्तिशः जबाबदार असेल तेथे त्याच्याशी व्यवहार करणारा अभिकर्त्यास, प्रकर्त्यास किंवा दोघांनाही जबाबदार धरू शकतो, असे कलम २३३ सांगते. त्याखालील दृष्टांतात कापसाच्या १०० गाठी विकणाऱ्यास खरेदीदार दुसऱ्याचा अभिकर्ता होता असे नंतर कळते. किमतीसाठी तो दोघांपैकी कोणावरही किंवा दोघांवरही दावा लावू शकतो. इंग्रजी विधीत अभिकर्ता व प्रकर्ता यांपैकी एकाची निवड करावी लागते व एकाविरुद्ध निर्णय मिळविला की दुसऱ्याविरुद्धचा हक्क संपतो. ‘दोघांनाही’ हा शब्द घालून भारतीय अधिनियमाने त्रयस्थास अधिक संरक्षण दिले आहे. किंमत अर्थातच एकदाच वसूल करता येते. हळदीच्या उदाहरणातील शेतकरी यामुळे, अभिकरण सिद्ध झाल्यास, सांगलीच्या पेढीवर दावा लावू शकेल. मालाच्या किमतीच्या वसुलीसाठी मुदत अधिनियम, १९६३ याने सामान्यतः तीन वर्षांची मुदत ठेवलेली आहे. उधारीची मुदत ठरलेली नसल्यास ती माल ताब्यात दिल्याच्या दिवसापासून मोजली जाते.

कलम २३४ हे या हक्कास मर्यादा घालते. आपण केवळ अभिकर्त्यासच जबाबदार धरू, असा विश्वास त्रयस्थाने प्रकर्त्याच्या ठिकाणी उत्पन्न केला व त्यावर विसंबून प्रकर्त्याने वर्तन केले, तर त्रयस्थास नंतर प्रकर्त्याकडे वळता येत नाही. अभिकर्त्याच्या बाबतीतही हेच लागू होते. शेतकऱ्याने ‘खरेदीदाराने माझे पैसे चुकते केले’ अशी पावती दिली व ती पाहून सांगलीच्या पेढीने खरेदीदाराचा हिशेब मिटविला, तर शेतकऱ्याची पेढीविरुद्धची मागणी नष्ट होईल. पैसे हाती येण्यापूर्वी भरपाईच्या पावतीवर सही करण्याचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, हे यावरून ध्यानात येते.

सिद्धांताच्या मर्यादा : अभिकर्त्याने दिलेल्या अधिकाराबाहेर जाऊन स्वतःच्या नावे संविदा केली असेल, तर अप्रकट प्रकर्त्यास ती मागाहून मान्यता देऊन आपली करता येत नाही. कीली, मॅक्सटेड अँड कंपनी वि. ड्यूरांट (१९०१) या खटल्यात धान्य खरेदी करणाऱ्याने ठरवून दिलेल्या भावापेक्षा अधिक भावाने गहू स्वतःच्या नावे घेतला. ज्याच्यासाठी तो घेतला त्याने दुसऱ्या दिवशी संमती दिली, पण पुढे माल उचलला नाही. संविदा करताना दुसऱ्याचा उल्लेखच नसल्यामुळे मागाहून दिलेली मान्यता निष्फळ ठरली व विक्रेत्यास त्याच्याकडून भरपाई मिळाली नाही.

हुंडी, वचनचिठ्ठी इ. परक्राम्य पत्रांना हा सिद्धांत लागू होत नाही. ही पत्रे हातोहात फिरत असल्यामुळे त्यांवर कोण बांधलेला आहे, हे पत्रावरूनच कळले पाहिजे. हैदराबादचे माजी पंतप्रधान महाराजा सर किशन प्रसाद यांच्या खाजगी खजिन्याच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने केलेल्या हुंड्यांवरून महाराजांना जबाबदार धरण्याचा प्रयत्न सदासुख जानकीदास वि. सर किशन प्रसाद (१९१८) या खटल्यात झाला. सहीखाली खजिन्याच्या पदाचा उल्लेख असला, तरी त्यावरून महाराज बांधले गेले असे स्पष्टपणे दिसत नाही, असे ठरवून प्रिव्ही कौन्सिलने त्यांना जबाबदार धरले नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम २८ नुसार, अभिकर्ता म्हणून सही करीत असल्याचे न दर्शविणारा अभिकर्ता अशा पत्रावर स्वतः जबाबदार असतो. शेतकऱ्याने किमतीपोटी खरेदीदाराचा धनादेश घेतला असल्यास त्या धनादेशावरून अप्रकट पेढीवर दावा लागत नाही. मूळ विक्रीच्या संविदेवरूनच तो लावावा लागतो.

कच्ची व पक्की अडत : भारतीय पेठांत या विषयास एक वेगळे परिमाण आहे. कच्चा अडत्या हा केवळ मध्यस्थ असून तो आपल्या गिऱ्हाइकाचा व समोरच्या पक्षाचा संविदात्मक संबंध जोडून देतो. पक्का अडत्या मात्र आपल्या गिऱ्हाइकास व्यवहाराच्या पूर्ततेची स्वतः हमी देतो. त्याच्याशी गिऱ्हाइकाचे नाते प्रकर्ता व अभिकर्ता असे नसून दोन स्वतंत्र प्रकर्त्यांचे असते. गिऱ्हाईक व बाजारातील विक्रेता यांच्यात कोणताही संविदात्मक संबंध निर्माण होत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने भगवानदास नरोत्तमदास वि. कानजी देवजी (१९०५) या निर्णयात पक्की अडत ही रूढी मान्य केली व सर्वोच्च न्यायालयाने शिवनारायण काबरा वि. मद्रास राज्य (१९६७) या खटल्यात पक्क्या अडत्याचे हेच स्वरूप विशद केले.

परिणामी हळदीच्या उदाहरणाचा निकाल एकाच मुद्यावर अवलंबून राहतो. हिंगोलीचा खरेदीदार सांगलीच्या पेढीचा अभिकर्ता असेल, तर शेतकऱ्यास पेढीकडे जाता येते. तो पक्का अडत्या असेल किंवा स्वतः माल घेऊन पेढीस फेरविक्री करीत असेल, तर पेढी अप्रकट प्रकर्ता ठरत नाही आणि शेतकऱ्याचा हक्क खरेदीदारापुरताच उरतो. पेढीने दिलेला ‘खरेदी करा’ हा निरोप एवढ्यावरून अभिकरण सिद्ध होत नाही. खरेदीदारास ठराविक दलाली मिळत होती की भावातील फरक, भाव घसरल्यास तोटा कोणी सोसावयाचा होता, पेढीने खरेदीसाठी आगाऊ रक्कम पाठविली होती काय, मालाचे बीजक खरेदीखर्च व दलाली असे लावले होते की एकरकमी विक्रीचे, या गोष्टींवरून न्यायालय नात्याचे खरे स्वरूप ठरविते. ही कागदपत्रे खरेदीदाराच्या व पेढीच्या दप्तरात असतात, शेतकऱ्याच्या हाती सौदापट्टी व हिशेबपट्टी एवढेच असते. शेतकऱ्यासाठी या सिद्धांताची खरी अडचण पुराव्याची आहे.

बाजारविषयक कायदे : संविदा विधीतील ही उणीव काही अंशी बाजारविषयक कायद्यांनी भरून काढली आहे. नियंत्रित बाजाराची कल्पना हिंगोलीला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ मध्येच मूर्त झाली व १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला. महाराष्ट्रात १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन अधिनियमाने नियंत्रित बाजारक्षेत्रात व्यवहार करणारे व्यापारी व अडते यांना अनुज्ञप्ती घेणे आवश्यक केले. दुसऱ्यासाठी शेतमालाची खरेदी-विक्री करणारा, त्या काळात माल ताब्यात ठेवणारा, खरेदीदाराकडून किंमत घेऊन विक्रेत्यास देणारा आणि त्याबद्दल अडत घेणारा, अशी अडत्याची व्याख्या या अधिनियमात केलेली आहे. त्यामुळे किमतीसाठी शेतकऱ्यास प्रथम आपल्या ओळखीच्या व बाजार समितीच्या नियंत्रणाखालील माणसाकडे जाता येते. अप्रकट पेढीचा शोध घेण्याची वेळ येते ती खरेदीदार व अडत्या हे दोघेही देणे फेडण्यास असमर्थ ठरले तरच.

अप्रकट प्रकर्त्याचा सिद्धांत तर्कदृष्ट्या विसंगत आहे, अशी टीका अनेक विधिज्ञांनी केली आहे. जी व्यक्ती संविदेच्या वेळी कोणाच्याही मनात नव्हती, तिला संविदेचा पक्ष मानणे हे संमतीच्या तत्त्वाशी जुळत नाही. तरीही व्यापाराच्या सोयीसाठी न्यायालयांनी तो टिकवून धरला आहे. ज्याच्या पदरी माल व नफा पडतो त्याने किंमतही द्यावी, आणि ज्याच्या शब्दावर विसंबून माल दिला गेला त्याने दुसऱ्याचे नाव पुढे करून सुटू नये, या दोन साध्या न्यायकल्पनांवर तो उभा आहे. मोंढ्यात माल देणाऱ्यास त्याचा लाभ मिळावयाचा, तर सौद्याच्या वेळी खरेदीदार कोणासाठी माल घेत आहे, याची सौदापट्टीवर नोंद होणे हाच त्यास सर्वांत भक्कम आधार होय.